फुटलेला डोळा, शेफील्डची बुरशी आणि पहिले चोवीस तास

१/ इ.स. १८१२. पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेले कूव्रे हे गाव. तेथे घोड्यांचे खोगीर आणि साज शिवणाऱ्या एका कारागिराचा तीन वर्षांचा मुलगा वडिलांच्या कार्यशाळेत खेळत होता. चामड्याला भोक पाडण्याची आरी त्याच्या हाती लागली. ती निसटली आणि डोळ्यात शिरली.

२/ जखम एकाच डोळ्याला झाली होती. गावातील वैद्याने पट्टी बांधली, पॅरिसच्या शल्यविशारदालाही दाखवले गेले. डोळा चिघळला. पुढे धड असलेला दुसरा डोळाही सुजला, आणि पाचव्या वर्षापर्यंत मुलगा दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध झाला. त्याचे नाव लुई ब्रेल.

३/ ब्रेलने शोधलेल्या लिपीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या आरीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक त्या अपघातात दोन प्रश्न दडलेले होते. टोचलेला डोळा का वाचला नाही? आणि न टोचलेला का गेला? त्यांच्या उत्तरासाठी वैद्यकाला जवळपास दोनशे वर्षे लागली. हा धागा त्या दोनशे वर्षांचा आहे.

४/ आधी डोळ्याची रचना. बाहेरून पांढरे कठीण आवरण, पुढे पारदर्शक बुबुळ, त्यामागे भिंग आणि भिंगामागे पोकळी भरून राहिलेला जेलीसारखा काचाभ द्रव. या द्रवात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर प्रकाश आरपार गेला नसता. पण रक्त नाही म्हणजे रक्तातून येणारे पहारेकरीही जवळ नाहीत. शिवाय रक्त आणि नेत्रगोलाचा अंतर्भाग यांच्यामध्ये पेशींची एक चिरेबंदी भिंत असते, आणि ती रक्तातले बहुतेक पदार्थ आत येऊ देत नाही.

५/ कोमट दुधात विरजणाचा थेंब पडावा आणि सकाळी दही लागलेले असावे, तसे काचाभ द्रवात पडलेल्या जंतूंचे होते. ऊब आहे, पोषण आहे, अटकाव नाही. हातापायाच्या जखमेत पू झाला तर शरीर तो बाहेर काढून टाकते आणि व्रण उरतो. डोळ्यात पू झाला की दृष्टिपटलाच्या पेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. नेत्रगोलाच्या आत होणाऱ्या या पूमय दाहाला आज एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात.

६/ हे जुन्या वैद्यांना कळत नव्हते असे नाही. कारण ठाऊक नव्हते, परिणाम ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील एकोणिसावा अध्याय ‘नयनाभिघातप्रतिषेध’, म्हणजे डोळ्याच्या आघातावरील उपचार, या विषयाला वाहिलेला आहे. त्यात एक पटल दुखावले तर डोळा बरा होण्याजोगा, दोन दुखावली तर कष्टसाध्य आणि तीन दुखावली तर हात लावू नये, असा स्पष्ट विवेक सांगितलेला आहे.

७/ यात निष्ठुरपणा शोधण्याचे कारण नाही. जखम जितकी खोल तितकी आशा कमी, हे निरीक्षण आजही खरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील वैद्यही याहून फार पुढे गेले नव्हते. जळवा लावणे, रक्त काढणे, पाऱ्याची औषधे पोटात देणे आणि अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवणे एवढेच त्यांच्या हाती होते.

८/ दुसऱ्या डोळ्याचे कोडे ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झीने मांडले. नेत्ररोगांवरील त्याचा ग्रंथ १८३० साली प्रसिद्ध झाला आणि १८४० च्या आवृत्तीत त्याने या विकाराचे सविस्तर वर्णन केले. एक डोळा भोसकला गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरा, मुळीच न दुखावलेला डोळा दाहाने जातो. जणू एकाच्या दुःखात दुसरा सहभागी होतो, म्हणून याला ‘सहानुभूतीचा दाह’ हे काहीसे करुण नाव मिळाले.

९/ पुढे कळले ते असे : हा दाह जंतूंमुळे होत नाही. डोळ्याच्या आतली प्रथिने शरीराच्या संरक्षक यंत्रणेपासून जन्मभर जणू पडद्याआड असतात. जखमेमुळे ती उघडी पडली की यंत्रणा त्यांना परके समजते, आणि मग तीच प्रथिने असलेल्या दुसऱ्या डोळ्यावरही चालून जाते. ब्रेलच्या पहिल्या डोळ्यात जंतुसंसर्ग आणि दुसऱ्यात हा दाह, असा अंदाज आजचे अनेक नेत्रतज्ज्ञ बांधतात.

१०/ पण तोवर उपाय एकच होता, आणि तो भयंकर होता. १८५० च्या दशकात ब्रिस्टलच्या ऑगस्टिन प्रिचर्डने दुसरा डोळा वाचवण्यासाठी जखमी डोळा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. ती रूढ झाली. दोन आठवड्यांच्या आत निकामी डोळा काढावा, हा दंडक पाठ्यपुस्तकांत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. गिरणीत, खाणीत, लोहारशाळेत फुटलेले असंख्य डोळे शिवण्याचा प्रयत्न न होताच काढले गेले. दुसरा डोळा जाण्याची भीती रास्त होती, आणि चिघळलेला डोळा वाचवण्याचे साधन नव्हते.

११/ योगायोग असा, की साधनाची पहिली चाहूल मॅकेन्झीच्याच शहरात लागली. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत अकरा वर्षांचा जेम्स ग्रीनलीस आला. गाडीचे चाक पायावरून गेले होते आणि हाड कातडी फोडून बाहेर आले होते. अशा पायाचे भवितव्य त्या काळी बहुधा करवतीखाली ठरे. जोसेफ लिस्टरने जखमेवर कार्बॉलिक आम्लात भिजवलेली पट्टी ठेवली. पाय वाचला. १८६७ साली लिस्टरने आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. मॅकेन्झी त्याच्या पुढच्याच वर्षी निवर्तला.

१२/ लिस्टरचा मुद्दा साधा होता. कातडी शाबूत असलेले मोडलेले हाड सडत नाही, कातडी फाटलेले सडते. अर्थात सडवणारी वस्तू बाहेरून येते. फुटलेल्या डोळ्याला हे तंतोतंत लागू होते. पण हाडावर चालणारे औषध बुबुळावर चालेना. कार्बॉलिक आम्लाने जंतू मरत, आणि बुबुळही भाजून पांढरे होई. नेत्रशल्याची पुढील सारी अडचण याच एका वाक्यात आहे : जंतूंना मारणारे आणि डोळ्याला न मारणारे काय?

१३/ लिस्टरनेच १८७० च्या दशकात सौम्य असे बोरिक आम्ल प्रचारात आणले. मराठी घरांतल्या जुन्या पिढीला ते चांगले ओळखीचे आहे. कोमट पाण्यात चिमूटभर बोरिक पावडर टाकून, कापसाच्या बोळ्याने डोळे पुसण्याची रीत कित्येक घरांत परवापरवापर्यंत होती. डोळ्याला ते सोसते खरे. पण जंतूंनाही ते बऱ्यापैकी सोसते.

१४/ दरम्यान हस्तकौशल्य पुढे सरकत होते. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवण्यात आले. शोध व्हिएन्नाच्या कार्ल कोलरचा. परंतु प्रवासखर्चाची ऐपत नसल्याने त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला. तोवर जाग्या माणसाच्या डोळ्यात टाका घालणे म्हणजे चार जणांनी त्याला धरून ठेवणे. आणि क्लोरोफॉर्म दिला तर शुद्धीवर येताना होणाऱ्या ओकाऱ्यांच्या जोराने जखम पुन्हा उघडण्याचे भय.

१५/ बर्लिनच्या युलियुस हिर्शबर्गने विद्युतचुंबक वापरून डोळ्यातील लोखंडाचे कण काढण्याचे तंत्र रूढ केले, आणि १८९२ मध्ये झुरिखच्या ओटो हाबने तर डोळ्यासमोर उभा करायचा प्रचंड चुंबक बनवला. १८९५ च्या अखेरीस क्ष-किरण आले आणि कण नेमका कुठे आहे हे दिसू लागले. जखमेवर शेजारच्या पातळ श्लेष्मल आवरणाचा पदर ओढून ती झाकण्याची युक्ती निघाली. कारागिरी अशी वाढली. तरीही उत्तम शिवलेल्या डोळ्यात तिसऱ्या दिवशी पू दिसला की सगळे व्यर्थ होई.

१६/ आता शेफील्ड. इंग्लंडमधील हे पोलादाचे आणि आसपासच्या कोळसाखाणींचे शहर. डोळ्यात ठिणग्या, कपच्या, दगडाचे तुकडे जाणे येथे रोजचेच. १९३० साली तेथील रॉयल इन्फर्मरीत सेसिल जॉर्ज पेन नावाचा विशी ओलांडलेला रोगनिदानतज्ज्ञ काम करीत होता. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकताना तो अलेक्झांडर फ्लेमिंगचा विद्यार्थी होता. फ्लेमिंगचा पेनिसिलिनवरील निबंध १९२९ चा. फार थोड्यांनी तो वाचला आणि त्याहून थोड्यांनी मनावर घेतला. पेनने मनावर घेतला.

१७/ त्याने फ्लेमिंगकडून बुरशी मागवली, मांसाच्या रश्शात वाढवली आणि गाळून घेतलेला कच्चा रस रुग्णांवर वापरून पाहिला. शुद्धीकरण नाही, मात्रा ठाऊक नाही. दाढीच्या जागी होणाऱ्या चिवट पुळ्यांवर रस लावला. काहीच झाले नाही. येथे दुसरा कोणी थांबला असता.

१८/ पेन डोळ्यांकडे वळला, आणि या वळणामागे एक मर्म आहे. डोळा वरून धुता येतो, औषध थेट जंतूंवर पडते, रक्तातून पोचण्याची गरज नसते. जन्मतः परम्याची लागण झालेल्या अर्भकांच्या डोळ्यांत त्याने तो रस घातला. २५ नोव्हेंबर १९३० ही पेनिसिलिनने रोग बरा झाल्याची नोंद असलेली सर्वांत जुनी तारीख मानली जाते. ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध प्रयोगांच्या ती दहा वर्षे आधीची आहे.

१९/ बऱ्या झालेल्या रुग्णांत एक प्रौढ होता : कोळशाच्या खाणीचा व्यवस्थापक. दगडाची बारीक कपची उडून डोळ्यात घुसली होती आणि जखमेत न्यूमोकॉकस जंतूंचा जोरदार संसर्ग झाला होता. संसर्ग असताना कपची काढायला जावे तर जंतू आणखी खोल जाणार. न काढावी तर डोळा तसाही जाणार. पेनच्या रसाने डोळा वारंवार धुतला गेला. दोनएक दिवसांत संसर्ग ओसरला, मग शल्यवैद्याला कपची काढता आली आणि त्या माणसाची दृष्टी परत आली.

२०/ या घटनेचे महत्त्व नीट पाहण्यासारखे आहे. प्रतिजैविकांच्या इतिहासातील अगदी पहिल्या यशांपैकी एक यश म्हणजे जखमी डोळ्यातला संसर्ग आवरून शस्त्रक्रिया शक्य करणे. क्षयावर नव्हे, न्यूमोनियावर नव्हे, युद्धातल्या जखमांवर नव्हे. खाणीतल्या एका माणसाच्या डोळ्यावर.

२१/ आणि पेनने हे कोठेही प्रसिद्ध केले नाही. बुरशी लहरी होती, कधी रस प्रभावी निघे, कधी नुसतेच पाणी. १९३१ मध्ये तो दुसऱ्या रुग्णालयात बाळंतरोगावर संशोधन करायला गेला. १९३२ मध्ये शेफील्डला रोगविज्ञानाचा नवा प्राध्यापक आला. पेनने त्याला ही हकीकत सांगितली. त्या प्राध्यापकाचे नाव होते हॉवर्ड फ्लोरी. पुढे ऑक्सफर्डला पेनिसिलिन शुद्ध करून नोबेल मिळवणारा फ्लोरी तो हाच. त्या वेळी त्यानेही या हकीकतीचे काही केले नाही.

२२/ उतारवयात पेनने याचा दोष स्वतःकडेच घेतला. त्याबाबत तो स्वतःशी जरा जास्तच कठोर होता असे म्हणावे लागेल. रसायनशास्त्रज्ञांची साथ नसताना एकट्याने ती बुरशी वठणीवर आणणे अशक्यप्राय होते. रुग्णालयाच्या जुन्या नोंदी शोधून त्याचे काम १९८६ साली इतिहासकारांनी जगापुढे आणले, तेव्हा तो हयात होता, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

२३/ ऑक्सफर्डमध्ये १२ फेब्रुवारी १९४१ रोजी पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळालेला पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर याचा एक डोळा संसर्गाने आधीच गेलेला होता. औषधाने तो सुधारू लागला. साठा संपत आला तेव्हा त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून पुन्हा देण्यात आले. तेही संपले. १५ मार्चला तो दगावला.

२४/ मुबलक पेनिसिलिन मिळू लागल्यावर नेत्रवैद्यांना वाटले, आता प्रश्न सुटला. तो सुटला नाही. दंडात वा शिरेत दिलेले औषध सर्व शरीरात पोचे, पण निरोगी डोळ्याच्या काचाभ द्रवात जेमतेम उतरे. ती चिरेबंदी भिंत जशी पहारेकऱ्यांना अडवते तशी औषधालाही अडवते. दाहाने भिंत थोडी ढासळते खरी. पण तोवर उशीर झालेला असतो. पेनचा खाणव्यवस्थापक वाचला, कारण औषध वरून थेट जखमेत गेले होते.

२५/ म्हणून पुढचे पाऊल भिंत ओलांडण्याचे होते. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या लुडविग फॉन सालमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सशांच्या डोळ्यात बाहेरून जंतू सोडले आणि सुईने पेनिसिलिन थेट काचाभ द्रवात टोचले. उपाय लागू पडत होता. मात्र मात्रा किंचित वाढली तरी दृष्टिपटल होरपळे. डोळ्यात सुई खुपसून औषध घालायचे, आणि तेही विषारी ठरू शकणारे, या कल्पनेनेच पुढची पंचवीस-तीस वर्षे बहुतेकांचे हात आखडले.

२६/ १९७० च्या दशकात शिकागोमध्ये घोलाम पेमन यांनी सुरक्षित मात्रा पद्धतशीरपणे ठरवायला घेतल्या. प्रथम जेंटामायसिन वापरात आले. कालांतराने त्यानेही दृष्टिपटलाचा मध्यभाग निकामी होऊ शकतो हे दिसले आणि त्याची जागा इतरांनी घेतली. आज सामान्यतः व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटर द्रावणात, वेगवेगळ्या सिरिंजमधून देतात. ०.१ मिलिलिटर म्हणजे दोन थेंब. त्या दोन थेंबांमागे तीस वर्षांचे ससे आणि काही गमावलेले डोळे आहेत.

२७/ त्याच सुमारास मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी काचाभ द्रव बारीक छिद्रातून कापून काढण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली. विरजण लागलेले दूधच बदलून टाकण्यासारखे हे. जंतू, त्यांचे विष, पू आणि अडकलेला दगड वा लोखंड, सगळे एकाच बैठकीत काढता येऊ लागले.

२८/ बाहेरच्या जंतूंचे काय? पापण्यांच्या कडांवर आणि पापण्यांच्या केसांत जंतू सदैव असतातच. शस्त्रक्रियेपूर्वी तेथे अनेक दशके चांदी आणि प्रथिन यांचे संयुग घालत. अशाच एका संयुगावर, आर्जिरॉलवर, अल्बर्ट बार्न्स या अमेरिकी उद्योजकाने इतका पैसा मिळवला की रनॉं आणि सेझान यांच्या चित्रांचा जगप्रसिद्ध संग्रह उभा राहिला. चित्रांबद्दल तक्रार नाही. औषध मात्र दुबळे होते.

२९/ १९८४ मध्ये लॉस एंजलिसच्या लेनर्ड अ‍ॅप्ट आणि शर्विन आयझेनबर्ग यांनी पोव्हिडोन-आयोडीन, म्हणजेच परिचित तपकिरी बीटाडीन, सौम्य करून डोळ्यावर वापरता येते हे दाखवले. नुसते आयोडीन बुबुळाला जाळते. पोव्हिडोनशी बांधलेले आयोडीन थोडेथोडे सुटते. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पीकर आणि मेनिकॉफ यांनी एकाच रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहांचे दोन गट केले. चांदीच्या संयुगाच्या गटात नेत्रगोलाच्या आतील संसर्गाचे प्रमाण ०.२४ टक्के, ५ टक्के पोव्हिडोन-आयोडीनच्या गटात ०.०६ टक्के.

३०/ ही आकडेवारी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांची आहे, हे ध्यानात ठेवावे. तेथे डोळा आधी धुता येतो, मग उघडला जातो. अपघातात क्रम उलटा असतो. डोळा आधीच उघडलेला, जंतू आधीच आत. शिवाय फाटलेल्या डोळ्यात हे तपकिरी द्रावण आत उतरले तर नाजूक पेशींना इजा करते. म्हणून ते पापण्यांवर आणि भोवतालच्या कातडीवर जपून वापरावे लागते. अपघाताचा डोळा हा मोतीबिंदूच्या डोळ्याचा फक्त अधिक खराब नमुना नव्हे. तो वेगळाच प्रश्न आहे.

३१/ किती वेगळा, ते १९८० च्या दशकात शेतजमिनीने शिकवले. मातीत सर्वत्र असणारा बॅसिलस सिरियस हा जंतू एरवी शिळ्या भातातून पोट बिघडवणारा म्हणून ओळखला जातो. मातीने माखलेल्या वस्तूबरोबर तो डोळ्यात गेला तर एकदोन दिवसांत, कधी काही तासांतच, डोळा संपवतो. आणि पेनिसिलिनला तो दाद देत नाही. अमेरिकेतील आयोवा या शेतीप्रधान राज्यातल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये आपल्याकडील भोसकलेल्या डोळ्यांचा हिशेब मांडला. ग्रामीण परिसरातल्या जखमांत संसर्ग ३० टक्के, इतरत्र ११ टक्के.

३२/ म्हणजे जखम कशाने झाली हे विचारल्याशिवाय औषध ठरवता येत नाही. हातोडीखालून उडालेली लोखंडी कपची तापलेली असते, तिच्यावर जंतू कमी. काटा, काडी, उसाचे पाते, गोठ्यातला दगड, मातीत पडलेली विटी यांची गोष्ट निराळी. भारतीय नेत्रतज्ज्ञांच्या लेखांत विटीदांडूने फुटलेल्या डोळ्यांची स्वतंत्र नोंद आढळते, ती उगाच नव्हे.

३३/ आणि मग घड्याळ. १९९३ मध्ये अमेरिकेतील नेत्राघात नोंदणीतून ४९२ डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सर्वांत काही ना काही परकी वस्तू आत राहिली होती. चोवीस तासांच्या आत शिवलेल्या डोळ्यांत संसर्ग ३.५ टक्के, त्यानंतर शिवलेल्यांत १३.४ टक्के. औषधांची नावे बाजूला ठेवली तरी एवढा फरक केवळ वेळेने पडतो.

३४/ वेळ कशासाठी, हे मात्र लष्कराच्या अनुभवातून उमगले. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांत अमेरिकी सैनिकांच्या डोळ्यांत स्फोटाचे तुकडे जात. रणांगणाजवळच्या रुग्णालयात तुकडा काढण्याची सामग्री नसे. तेथे डोळा लगेच शिवून बंद करीत, प्रतिजैविके सुरू करीत आणि सैनिकाला विमानाने मायदेशी पाठवीत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा ७९ डोळ्यांची हकीकत आहे. तुकडा काढेपर्यंत मध्यमानाने २१ दिवस गेले होते. आतला संसर्ग एकाही डोळ्यात झाला नाही.

३५/ हाबच्या प्रचंड चुंबकापासून चालत आलेली समजूत अशी, की आतली वस्तू ताबडतोब काढणे हेच मुख्य. या ७९ डोळ्यांनी ती समजूत सैल केली. दार लवकर बंद होणे आणि औषध लवकर सुरू होणे, या दोन गोष्टी आधी. तुकडा प्रसंगी थांबू शकतो. अर्थात स्फोटातला तप्त धातू आणि शेतातली काडी यांना एकच न्याय लावता येणार नाही, हे आयोवाच्या आकड्यांवरून उघड आहे.

३६/ आत औषध टोचावे की शिरेतून द्यावे, हा वाद अजून मिटलेला नाही. बॉस्टनच्या एका नामांकित नेत्ररुग्णालयाने २००० ते २००७ या काळात फुटलेल्या डोळ्यांच्या रुग्णांना ४८ तास शिरेतून व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम दिले; संसर्गाचे प्रमाण ०.९ टक्क्यावर आले. इराणमधील डॉक्टरांनी ३४६ डोळ्यांवर दुसराच मार्ग तपासला : शिवतानाच काहींच्या डोळ्यात प्रतिजैविक टोचले, काहींच्या नुसते सलाइन. सलाइनच्या गटात आठ डोळे संसर्गाने ग्रासले, औषधाच्या गटात एक. आणि फायदा ठळक दिसला तो आत वस्तू राहिलेल्या डोळ्यांतच.

३७/ शिवण्याआधीच्या तासांत करायच्या गोष्टी त्या मानाने अगदी साध्या आहेत. फुटलेल्या डोळ्यावर दाबून पट्टी बांधायची नाही, कारण दाबाने आतला भाग बाहेर येतो. कडक कवच ठेवायचे. काही नसेल तर कागदी पेल्याचा तळ कापून चिकटवला तरी चालतो. रुतलेली वस्तू उपसायची नाही. थेंब नाही, मलम नाही, धुणे नाही. धनुर्वाताची लस द्यायची आणि पोटात काही न देता रुग्णालयाकडे निघायचे. कूव्रेच्या वैद्याने बांधलेली पट्टी त्या काळच्या उत्तम रीतीची होती. आज ती बांधू नये असे शिकवतात.

३८/ आपल्याकडे खेड्यापाड्यांत डोळ्याला लागले की तूप, मध, आईचे दूध किंवा एखाद्या पाल्याचा रस घालण्याची चाल आहे. त्यामागची माया खरी असते. पण त्या थेंबाबरोबर जंतूही जातात, आणि दवाखाना गाठायचे दोन दिवस मोडतात.

३९/ सगळ्या जखमा आरपार नसतात. बुबुळावरचा नुसता ओरखडा, भाताच्या तुसाने किंवा गवताच्या पात्याने झालेला, शिवावा लागत नाही. पण त्यात जंतू शिरले की बुबुळाला फूल पडते आणि पुढे डोळा जातो. दक्षिण आशियात असे डोळे फार. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात डॉ. मदन उपाध्याय आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३५,००० लोकवस्तीवर दोन वर्षे लक्ष ठेवले. गावागावांतील प्रशिक्षित स्वयंसेवकांकडे क्लोरॅम्फेनिकॉलच्या १ टक्का मलमाच्या नळ्या दिल्या. ओरखडा दिसला की दिवसातून तीन वेळा, तीन दिवस.

४०/ वेळेत आलेल्या ४४२ जणांपैकी ४२४ जणांचा ओरखडा व्रण न होता भरून आला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात आणखी एक नोंद आहे : लागल्यापासून अठरा तासांच्या आत मलम मिळालेल्यांपैकी एकाच्याही बुबुळाला व्रण झाला नाही.